फेर्नां लेजे इतक्या माध्यमांत गेला तो कशासाठी?

चित्रकलेच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. कलेच्या इतिहासाच्या तासाला फेर्नां लेजे या फ्रेंच चित्रकाराचे नाव पिकासो आणि ब्राक यांच्या मागोमाग घनवादाच्या (वस्तू भौमितिक आकारांत फोडून दाखवणाऱ्या शैलीच्या) प्रकरणात दोन-चार ओळींत येते आणि त्याला चित्रपट, बॅलेचे नेपथ्य, ग्रंथचित्रे, भित्तिचित्रे, मोझेक (रंगीत तुकडे जडवून केलेले चित्र), काचचित्रे, सिरॅमिक अशी लांबलचक यादी जोडलेली असते. इतक्या ठिकाणी हात घातल्यामुळे हा कलावंत कशातच खोलवर गेला नाही असे समजावे का, आणि भिंतीवर काम करू पाहणाऱ्याने आज त्याच्याकडून नेमके काय घ्यावे, असे तिने विचारले आहे. मी बरीच वर्षे भित्तिचित्रे करत आणि शिकवत आलो आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी हाताने काम करणाऱ्याच्या बाजूने देणार आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. लेजेने आयुष्यभर एकाच गोष्टीचा पाठपुरावा केला आणि ती गोष्ट म्हणजे विरोध. सपाट रंगाशेजारी गोलाई, सरळ रेषेशेजारी वळण, काळ्या कडेला भिडणारा शुद्ध लाल, माणसाच्या देहाला लागून लोखंड, अशा परस्परांना धक्का देणाऱ्या गोष्टी एकमेकींजवळ आणल्या की चित्राच्या पृष्ठभागात जो जोर येतो, तो त्याला हवा होता. एका माध्यमात तो जोर जिथवर जाऊ शकत होता तिथवर नेल्यावर, पुढचे पाऊल ज्या माध्यमात टाकता येईल तिथे तो गेला. त्याची कामे कालक्रमाने आणि या एका सूत्राने पाहिली, तर ती विखुरलेली वाटत नाहीत.

लेजेचा जन्म ४ फेब्रुवारी १८८१ रोजी नॉर्मंडीतील आर्जांताँ या गावी झाला. वडील गुरांचे व्यापारी होते आणि ते लवकर वारले. मुलगा चित्रे काढतो हे पाहून घरच्यांनी त्याला काँ शहरातील एका वास्तुरचनाकाराकडे उमेदवारीला ठेवले. १९०० साली तो पॅरिसला आला आणि वास्तूंचे आराखडे काढून, तसेच छायाचित्रांचे रिटचिंग करून पोट भरू लागला. शासकीय ललितकला शाळेच्या प्रवेशपरीक्षेत तो नापास झाला. सजावटकलेच्या शाळेत मात्र त्याला प्रवेश मिळाला, शिवाय ललितकला शाळेच्या वर्गांना बाहेरचा विद्यार्थी म्हणूनही तो बसत असे. त्याच्या चरित्रातला हा भाग बहुतेक लेखक घाईने उरकतात, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. टी-स्क्वेअर आणि कंपास हातात घेऊन वाढलेल्या माणसाचा हात पुढे जन्मभर तसाच राहिला. लेजेची रेषा भावनेने थरथरत नाही. ती मोजून, ठरवून आणि भार पेलण्यासाठी काढलेली असते.

१९०७ साली पॅरिसच्या शारदीय प्रदर्शनात फ्रेंच चित्रकार सेझानच्या चित्रांचे मरणोत्तर प्रदर्शन भरले आणि लेजेच्या पिढीतील अनेकांप्रमाणे तोही हलून गेला. त्यापूर्वीची आपली दृक्‌प्रत्ययवादी वळणाची, म्हणजे क्षणाचा उजेड टिपू पाहणारी, बहुतेक चित्रे त्याने नष्ट केली. पुढे तो माँपार्नासजवळच्या ‘ला र्‍यूश’ या कलावंतांच्या वसतिवजा इमारतीत राहायला गेला. शागाल, आर्किपेंको, सूतीन यांची तिथे वस्ती होती, आणि कवी ब्लेझ सांद्रार हा त्याचा जिवलग मित्रही त्याच वर्तुळातला. १९११ च्या स्वतंत्र कलावंतांच्या प्रदर्शनात त्याचे ‘जंगलातील नग्नाकृती’ हे चित्र ग्लेझ, मेत्सँजे, दलोने यांच्या चित्रांसोबत एका दालनात लागले. नळकांडी आणि शंकू यांनी भरलेले हे राखाडी-हिरवे चित्र पाहून समीक्षक लुई व्होक्सेल याने त्याची ‘नळकांडेवादी’ म्हणून टर उडवली. टीका टोमण्याची असली तरी निरीक्षण अचूक होते. पिकासो आणि ब्राक वस्तू फोडून तिचे पातळ पापुद्रे एकमेकांत मिसळत होते, त्या वेळी लेजे मात्र प्रत्येक आकाराला घनता आणि वजन देत होता.

यानंतरच्या ‘आकारांचा विरोध’ या १९१३-१४ मधील मालिकेशी थोडे थांबावे लागेल, कारण लेजेचे पुढचे सगळे काम तिच्यातून निघाले आहे. या चित्रांत ओळखू येईल असा विषय जवळजवळ नाहीच. जाडसर विणीच्या खरखरीत कापडावर काळ्या रंगाने पिंपासारखे, पत्र्याच्या वळकटीसारखे आकार काढलेले आहेत. त्यांच्या आत लाल, निळा, पिवळा, हिरवा हे रंग घासून बसवले आहेत, तेही कडेपर्यंत न नेता. कापडाचा मूळ रंग जागोजागी उघडा राहतो. प्रत्येक आकाराच्या मधोमध पांढऱ्या रंगाचा एक कोरडा पट्टा ओढलेला असतो. या पट्ट्याकडे नीट पाहावे. लांबून तो गोल पृष्ठभागावर पडलेल्या उजेडासारखा दिसतो आणि आकार फुगून पुढे येतो. जवळ गेल्यावर तो नुसता पांढरा, सपाट, कोरड्या कुंचल्याने ओढलेला रंग असतो आणि आकार पुन्हा कापडाला चिकटतो. एकाच फटकाऱ्यातून गोलाई आणि सपाटपणा दोन्ही मिळवण्याची ही युक्ती फार कमी चित्रकारांना इतक्या काटकसरीने साधली आहे. काळी रेषा, शुद्ध रंग आणि पांढरा पट्टा एवढ्या तीनच गोष्टींवर अख्खे चित्र उभे राहते.

याच सुमारास, १९१३ आणि १९१४ साली, त्याने मारी वासिलिएफ हिच्या कलाशाळेत दोन व्याख्याने दिली. त्यांतील दुसऱ्या व्याख्यानातील एक मुद्दा आजही तसाच्या तसा कामाचा आहे. रस्त्याकडेला लावलेल्या मोठ्या जाहिरातींमुळे निसर्ग विद्रूप होतो म्हणून फ्रान्समध्ये त्या काळी ओरड चालू होती. लेजेने उलट बाजू घेतली. शांत निसर्गदृश्याला छेद देणारा तो पिवळा किंवा लाल फलक म्हणजे नव्या चित्रकलेला मिळालेले उत्तम कारण आहे, असे त्याने मांडले. आगगाडी आणि मोटार यांच्या वेगामुळे माणसाच्या नजरेत एका वेळी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त गोष्टी तुटक तुटक येतात, तेव्हा चित्रही तुटक आणि विरोधी असणारच, हा त्याचा युक्तिवाद होता. रस्ता, दुकानाची काच, यंत्र यांकडे तो सुरुवातीपासून स्पर्धक म्हणून पाहत होता. १९१२ च्या विमान-प्रदर्शनाला तो चित्रकार मार्सेल द्युशाँ आणि शिल्पकार ब्रांकुसी यांच्याबरोबर गेला होता आणि तिथला विमानाचा पंखा पाहून द्युशाँने आता चित्रकला संपली असे म्हटले होते, ही आठवण लेजेने पुढे सांगितली. द्युशाँने त्यातून चित्र सोडण्याचा मार्ग काढला. लेजेने त्या पंख्याला तोडीस तोड ठरेल अशी वस्तू रंगाने घडवायची ठरवले. फ्रेंच नवकलेच्या दोन वेगळ्या वाटा इथे दिसतात, आणि आजच्या कलाशाळांत पहिल्या वाटेचा जितका अभ्यास होतो तितका दुसरीचा होत नाही, याची मला खंत वाटते.

ऑगस्ट १९१४ मध्ये लेजेला सैन्यात बोलावणे आले. इंजिनिअरांच्या पलटणीत आर्गोनच्या आघाडीवर तो खंदक खणण्याच्या कामावर होता, पुढे जखमींना वाहून नेण्याचे कामही त्याने केले आणि व्हर्दँच्या लढाईची भीषणता प्रत्यक्ष पाहिली. युद्धाने त्याला दोन गोष्टी दिल्या असे तो नंतर सांगत असे. एक म्हणजे माणसे. खाणकामगार, खोदकाम करणारे, लाकूड आणि लोखंडात काम करणारे कारागीर त्याच्या शेजारी झोपत होते आणि त्यांच्या भाषेतला नेमकेपणा आणि रंगतदारपणा त्याला पॅरिसच्या कलामंडळींत कधी सापडला नव्हता. दुसरी म्हणजे भर उन्हात उघडलेल्या ७५ मिलिमीटर तोफेचा मागचा भाग. पांढऱ्या धातूवर पडलेल्या त्या उजेडाने १९१२-१३ मधली आपली अमूर्त चित्रे आपल्याला विसरायला लावली, असे त्याने लिहिले आहे. इस्पितळातून सुटी मिळाल्यावर १९१७ साली केलेल्या ‘पत्त्यांचा डाव’ या चित्रात सैनिकांचे हात, बोटे, बरगड्या सगळे धातूच्या नळ्यांचे झाले आहे आणि छातीवर पदके आहेत. अनेक वाचक या चित्रात युद्धाने माणसाचे यंत्र केले असा निषेध वाचतात. मला त्यात निषेधापेक्षा सोबत्यांबद्दलचा आदर जास्त दिसतो, कारण त्या पत्ते धरलेल्या हातांचे सांधे त्याने फार जिव्हाळ्याने जुळवले आहेत.

युद्धानंतरच्या काही वर्षांतली ‘शहर’ (१९१९), ‘यंत्रकामगार’ (१९२०) आणि ‘तीन स्त्रिया’ (१९२१) ही चित्रे त्याची सर्वाधिक परिचित कामे आहेत. ‘शहर’ हे फिलाडेल्फियातील चित्र जवळजवळ तीन मीटर रुंद आहे. त्यात जिने, खांब, पुलाचे लोखंड, फलकांवरची सुटी अक्षरे आणि बिनचेहऱ्याची माणसे अशा सपाट पट्ट्यांत कापून लावली आहेत की नजर कुठेच टेकत नाही. खोली दाखवणारे यथादर्शन इथे नाही, रंगच पुढे-मागे सरकतात. रंगाने जागा पुढे-मागे करता येते, हे त्याला इथे पक्के उमगले आणि भिंतीकडे जाण्याची त्याची तयारी या चित्रात झाली.

आता ज्या यादीमुळे प्रश्न पडला तिच्याकडे वळू. १९२२ साली स्वीडिश बॅले कंपनीसाठी त्याने ‘स्केटिंग रिंक’चे आणि १९२३ साली ‘विश्वाची निर्मिती’चे नेपथ्य व वेशभूषा केली. दुसऱ्याचे संगीत दार्यूस मियो याचे, कथावस्तू सांद्रारची आणि नृत्यरचना जाँ बोरलिनची होती. आफ्रिकी शिल्पांवरून घेतलेल्या आकारांनी लेजेने नर्तकांना इतके झाकून टाकले की रंगमंचावर नर्तक कोणता आणि हलणारे नेपथ्य कोणते, हे सांगणे अवघड व्हावे. त्याला तेच हवे होते. रंगमंचाच्या मधोमध उभा राहून सगळ्यांचे लक्ष खेचणारा नायक त्याला मान्य नव्हता, कारण चित्रातही त्याने माणसाचा चेहरा आणि लोखंडी खांब यांना सारखाच मान दिला होता. नर्तकांना हे वेश जड आणि अडचणीचे गेले असणार यात शंका नाही, आणि नृत्याच्या बाजूने पाहणाऱ्याची त्यावरची तक्रार मला रास्त वाटते.

चित्रपटाकडे तो आबेल गाँसच्या ‘चाक’ या मूकपटामुळे ओढला गेला. त्यात आगगाडीची चाके, दांडे आणि दट्टे पडदा भरून दाखवले होते, आणि एखाद्या वस्तूचा तुकडा मोठा करून दाखवला की तिचे स्वतःचे व्यक्तिमत्त्व प्रकट होते, असे लेजेने त्यावर लिहिले. १९२४ साली मार्सेल लेर्बिए याच्या ‘लिन्युमेन’ या चित्रपटातील प्रयोगशाळेचा देखावा त्याने उभारला आणि त्याच वर्षी अमेरिकन चित्रपटकार डडली मर्फी याच्यासोबत ‘बाले मेकानिक’ म्हणजे ‘यांत्रिक नृत्य’ हा लघुपट तयार झाला. कथा नसलेल्या या सुमारे पाव तासाच्या पटात पातेल्यांची झाकणे, टोप्या, बाटल्या, झोके घेणारी मुलगी, हसणारे ओठ, आकडे आणि यंत्राचे भाग ठेक्यावर कापून जोडले आहेत. त्यातला एक प्रसंग विद्यार्थ्यांनी पुन्हा पुन्हा पाहावा. पाठीवर ओझे घेतलेली एक धोबीण जिना चढून वर येते, वर पोहोचताक्षणी हात वर करते, आणि लगेच पुन्हा खाली दिसते. ती वर येते, पुन्हा खाली. सुरुवातीला प्रेक्षकाला गंमत वाटते, मग अस्वस्थता येते, आणि थोड्या वेळाने तिचे ओझे, तिचे वय, तिचे कष्ट हे सगळे मागे पडून फक्त एक चढती हालचाल उरते. पुनरावृत्तीने माणसाची कथा गळून जाऊन आकार उरतो का, हे लेजेला पाहायचे होते. कॅनव्हासवर काळ नसतो, म्हणून हा प्रयोग तिथे करणे शक्यच नव्हते.

या पटाच्या श्रेयाबद्दल मात्र प्रामाणिक राहायला हवे. कॅमेऱ्याचे ज्ञान मर्फीकडे होते, काही दृश्यांशी छायाचित्रकार मॅन रे याचा संबंध आहे, आणि जॉर्ज अँथाइलने त्यासाठी रचलेले संगीत पटापेक्षा बरेच लांब निघाल्याने ते दोन्ही त्या काळी जुळवून दाखवले गेले नाहीत. पुढची अनेक वर्षे पट फक्त लेजेच्या नावावर ओळखला गेला, हे मर्फीवर अन्याय करणारे आहे. तरीही वस्तूकडे पाहण्याची नजर लेजेची आहे, हे त्याच्या नंतरच्या चित्रांवरून दिसते. चित्रपटानंतर त्याच्या चित्रांतील वस्तू सुट्या झाल्या आणि रिकाम्या जागेत तरंगू लागल्या. १९३० च्या ‘किल्ल्या आणि मोनालिसा’ या चित्रात एक मोठा किल्ल्यांचा जुडगा मधोमध आहे. त्याच्या अगदी विरुद्ध काय ठेवता येईल हे शोधत असता दुकानाच्या काचेत मोनालिसाचे पोस्टकार्ड दिसले आणि तेच आपण घेतले, असे त्याने सांगितले आहे. वर त्याने सार्डिन माशांचा डबाही जोडला. जगातले सर्वांत पूज्य चित्र त्याने किल्ल्यांच्या पंगतीला बसवले, तेही कुणाला खिजवण्यासाठी नव्हे, केवळ आकाराच्या विरोधासाठी.

भिंतीचा भाग माझ्या जवळचा असल्याने त्यावर थोडे अधिक लिहितो. १९२५ च्या पॅरिसमधील सजावटकलेच्या प्रदर्शनात वास्तुरचनाकार ल कोर्ब्युझिएच्या ‘नवा आत्मा’ या मंडपात लेजेचे काम लागले होते, आणि त्याच वर्षांत त्याने पूर्ण अमूर्त, फक्त आयतांची भित्तिचित्रे केली. त्याने स्वतःसाठी एक काटेकोर नियम घालून घेतला होता. चौकटीतले चित्र स्वतंत्र असते, त्याला वस्तू आणि घनता हवी. भिंतीवरचे चित्र वास्तूच्या अधीन असते, तिथे वस्तू नको, सपाट रंग हवा. म्हणजे अमूर्तता ही त्याच्या लेखी श्रेष्ठ अवस्था नसून भिंतीची गरज होती. रंग दिल्याने खोलीचा ठरलेला आयत लवचीक होतो, असे तो म्हणे. फिका निळा भिंतीला मागे ढकलतो, काळा पुढे आणतो, पिवळा तिला जवळजवळ नाहीशी करतो, हे त्याचे निरीक्षण आहे. ज्याने प्रत्यक्ष भिंत रंगवली आहे त्याला याची सत्यता लगेच पटेल. आपल्याकडे सार्वजनिक भिंतींवर जी चित्रे होतात त्यांतली बरीचशी म्हणजे कागदावरचे चित्र मोठे करून चिकटवलेले असते. दार कुठे आहे, माणसे कोणत्या बाजूने चालत येतात, दुपारी ऊन कुठे पडते, याचा त्यात विचार नसतो. लेजेने तो विचार केला म्हणून तो भिंतीच्या कामात पिकासोपेक्षा मोठा गुरू आहे, असे मी निःसंकोच म्हणतो.

१९३७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्याने एक विलक्षण योजना सुचवली होती. तीन लाख बेरोजगारांना कामाला लावून पॅरिसच्या सर्व इमारतींचे दर्शनी भाग खरवडून स्वच्छ पांढरे करावेत आणि रात्री त्या पांढऱ्या शहरावर आयफेल मनोऱ्यावरून व विमानांतून रंगीत प्रकाश टाकावा, अशी ती कल्पना होती. ती अर्थातच स्वीकारली गेली नाही. त्या प्रदर्शनात विज्ञानाच्या दालनासाठी त्याने ‘शक्तीचे वहन’ हे भव्य भित्तिचित्र मात्र केले.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या अखेरीपासून १९४५ पर्यंत, तो अमेरिकेत राहिला आणि तिथे शिकवतही होता. निघण्यापूर्वी मार्सेच्या बंदरात पाण्यात सूर मारणारी गोदीतली पोरे त्याने पाहिली होती, आणि त्यातून हातापायांच्या गुंतवळ्याची ‘सूर मारणारे’ ही मालिका झाली. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याला दुसरी गोष्ट सापडली. समोरच्या माणसाशी बोलत असताना जाहिरातीच्या दिव्यांमुळे त्याचा चेहरा एकदम निळा होतो, मग तो निळा जातो आणि लाल येतो, पिवळा येतो. हा रंग चेहऱ्याचा नाही, तो हवेतून येऊन जातो. यापुढे लेजेने रंग आणि रेषा यांची फारकत केली. काळ्या रेषेने माणूस काढायचा, आणि त्याच्यावरून लाल, निळ्या, पिवळ्या रंगाचे रुंद पट्टे बाह्यरेषेची पर्वा न करता जाऊ द्यायचे. १९१३ मध्ये रंग आणि रेषा एकाच आकारात एकमेकांशी झगडत होती, १९४० नंतर ती स्वतंत्र होऊन झगडू लागली. ‘महामिरवणूक’ (१९५४) हे गुगेनहाइम संग्रहालयातील चार मीटर रुंदीचे सर्कशीचे चित्र या पद्धतीचा कळस आहे, आणि त्यासाठी त्याने असंख्य पूर्वचित्रे केली होती.

फ्रान्सला परतताना त्याने कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व घेतले. त्यानंतरच्या दशकात त्याच्या हातून चर्चची उत्तम कामे झाली, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. फादर कुतुरिए या डोमिनिकन धर्मगुरूचे म्हणणे होते की श्रद्धाळू पण सुमार कारागिरापेक्षा अश्रद्ध पण मोठा कलावंत चर्चला हवा. आल्प्समधील आसी पठारावरील चर्चचा दर्शनी भाग लेजेने मोझेकने सजवला. माझ्या दृष्टीने मात्र ओदँकूर येथील चर्चची १९५१ मधील १७ काचचित्रे हे त्याचे सर्वोत्तम सार्वजनिक काम आहे. हे गाव पूर्व फ्रान्समधील कारखान्यांच्या पट्ट्यातले, वस्ती कामगारांची. पारंपरिक काचचित्रात पातळ काच शिशाच्या पट्ट्यांत बसवतात. इथे जाड काचेचे ठोकळे फोडून काँक्रीटमध्ये बसवले आहेत. काच जाड असल्याने रंग खोल आणि ओला दिसतो, आणि ठोकळ्याची कड छिन्नीने टवका काढल्यासारखी असल्याने उजेड तिथे फुटतो. शिशाच्या बारीक रेषेच्या जागी काँक्रीटची रुंद काळी रेषा येते, आणि ती तर लेजेची जन्मभराची रेषा होती. विषय ख्रिस्ताच्या यातनांची साधने हा आहे: खिळे, पकड, काट्यांचा मुकुट, फासे, अंगरखा. त्याने चेहऱ्यांवरची वेदना दाखवण्याचा मोह टाळला आणि खिळा हा खिळ्यासारखाच, कारखान्यातल्या माणसाला हातात धरल्यासारखा वाटेल असा काढला. वस्तूला मान देण्याची जी सवय त्याला तोफेपासून, चित्रपटापासून, किल्ल्यांपासून लागली होती, ती इथे पूर्णपणे फळाला आली.

‘बांधकाम करणारे’ (१९५०) हे चित्र शव्ह्रझच्या रस्त्याने जाता-येता दिसणाऱ्या, विजेच्या तारांच्या उंच मनोऱ्यांवर काम करणाऱ्या माणसांवरून सुचले. ते १९५३ साली रेनो कारखान्याच्या उपाहारगृहात लावले होते. कामगार आधी त्या जाड हातांना हसले, पण रोज जेवताना पाहता पाहता त्यांना ते ओळखीचे वाटू लागले, असे लेजे सांगे. हा त्याचाच वृत्तान्त असल्याने तो जरा जपून घ्यावा, पण चित्र जिथे लोक जेवतात तिथे नेऊन लावण्याचे धैर्य खरे आहे.

त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. न्यूयॉर्कमधील संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या दालनातील दोन भित्तिचित्रे (१९५२) त्याच्या आराखड्यांवरून त्याचा विद्यार्थी ब्रूस ग्रेगरी याने रंगवली, आणि ती मला थंड वाटतात. जागेत स्वतः उभे न राहता आराखडा पाठवला की काय होते, याचे ते उदाहरण आहे. शेवटच्या वर्षांत माणसांचे चेहरे एकाच साच्यातले होतात आणि काही चित्रांत विरोधाची जागा सजावट घेते. १९५५ साली साओ पावलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी १७ ऑगस्टला जिफ-स्युर-इव्हेत येथे त्याचे निधन झाले.

शिक्षक म्हणून त्याचे काम स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ब्राझीलची तार्सिला दो आमाराल, डेन्मार्कचा आस्गर योर्न, शिल्पकार लुईझ बुर्ज्वा हे सगळे त्याच्या हाताखाली शिकले, आणि त्यांच्यातले कोणीही त्याच्यासारखे काम करत नाही, यातच त्याची शिकवण्याची प्रत दिसते. भारतातून चित्रकार रामकुमार १९४९ नंतर पॅरिसला गेले असता फ्रेंच चित्रकार आंद्रे लोत आणि लेजे यांच्याकडे शिकले. मुंबईच्या जहांगीर साबावालांनी लोतकडे शिक्षण घेतले होते आणि त्यांच्यामुळे लोतची घनवादी शिस्त आपल्याकडे परिचित झाली. लेजेची भिंतीची शिस्त मात्र तितकीशी आली नाही.

आता तुम्ही काय करावे ते सांगतो. ‘आकारांचा विरोध’ मालिकेतील एका चित्राची प्रतिकृती मोठ्या, खरखरीत कागदावर गवाश (अपारदर्शक जलरंग) रंगात करा. काळा, पांढरा, लाल, निळा एवढेच रंग घ्या आणि ते पॅलेटवर एकमेकांत मिसळू नका. पांढरा पट्टा शेवटी, कोरड्या कुंचल्याने, एकदाच ओढा. तो चुकला तर दुरुस्त करत बसू नका, नवा कागद घ्या. त्यानंतर रोज ज्या जिन्याने जाता त्याच्या भिंतीसाठी फक्त सपाट आयतांची रचना करा. कागदावर ती सुंदर दिसते की नाही याकडे लक्ष देऊ नका. त्या मापाचे रंगीत कागद भिंतीवर चिकटवून, चढताना आणि उतरताना, सकाळी आणि दिवे लागल्यावर भिंत पुढे येते की मागे जाते ते पाहा, आणि त्याप्रमाणे आयत हलवा. ओदँकूरची काचचित्रे छायाचित्रांत पाहताना शक्यतो चर्चच्या आतून घेतलेली छायाचित्रे शोधा, कारण बाहेरून त्यांचा रंग दिसत नाही. दक्षिण फ्रान्समधील बिओ येथे १९६० साली उघडलेले त्याचे संग्रहालय पाहण्याचा योग आला तर तेवढेच लक्षात ठेवा की तिथल्या दर्शनी भिंतीवरचे प्रचंड मोझेक त्याच्या मृत्यूनंतर, मूळ दुसऱ्या जागेसाठी केलेल्या आराखड्यावरून उभारलेले आहे. त्यावरून भिंतीवरच्या लेजेबद्दल मत बनवू नका. आत जाऊन आधी ‘बांधकाम करणारे’ पाहा.